जशीच्या तशी

३ ऑक्टोबर २०२५, तलवाडा
दसरा झाला. त्वरितादेवीच्या डोंगरावरची गर्दी ओसरली, आणि दुकानातली वाढली. लाडक्या बहिणींची ई-केवायसी. ओटीपी येईपर्यंत बाया दारात उभ्या. त्यातच दुकानातल्या संगणकाची हार्डडिस्क टकटकायला लागली. गेवराईहून ४८० जीबीची एसएसडी आणली.

५ ऑक्टोबर
रविवार, शटर अर्धं खाली. क्लोनझिला हे डिस्कची नक्कल, म्हणजे क्लोन, काढणारं सॉफ्टवेअर तैवानात तयार झालेलं, फुकट मिळतं. जुनी डिस्क ५०० ची, नवी ४८० ची. त्याने सरळ नकार दिला. एरवी नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते. आत किती भरलंय याच्याशी त्याला घेणं नाही. आधी पसारा काढला. लोकांच्या आधारच्या प्रती ठेवायच्याच नसतात, म्हणून शिफ्ट दाबून त्या कायमच्या उडवल्या. मग डी ड्राइव्ह आक्रसून घेतला, विभाग नव्या डिस्कच्या मापात बसवले, क्लोनझिलाची मापाची तपासणी बंद केली आणि क्लोन केला. आता चहा घशाखाली उतरायच्या आत विंडोज सुरू. बॅकअपचा प्रश्न कायमचा मिटला, असं बायकोला सांगून टाकलं.

९ ऑक्टोबर
शेजारच्या वस्तीवरचे मामा पोचपावतीची प्रत मागायला आले. फोल्डरच नाही! आधारच्या प्रतींबरोबर पावत्याही गेल्या होत्या.  क्लोनमध्ये त्या असणार कशा? खोडल्यावर नक्कल काढली; नकलेत खाडाखोडही आलीच. मामा म्हणाले, "आरं, मग ते दुसरं यंतर कशाला घेतलंस?"

१० ऑक्टोबर
क्लोनझिला फक्त वापरातली जागा उचलतं, त्यामुळे खोडलेल्या फायलींचे अवशेष नव्या डिस्कवर आलेच नाहीत. जुनीवर मात्र असू शकतात. रात्री तिच्यावर खोडलेल्या फायली शोधणारं फोटोरेक चालवलं. हजारो फायली निघाल्या, पण एकीलाही नाव नाही, नुसते आकडे. उघडून पाहत बसलो. मामांची पावती पहाटे सापडली. काही फायली अर्ध्या, तुटक्या. ड्राइव्ह आक्रसताना त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं असावं.

१४ ऑक्टोबर
विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या आजपासून बंद. अकरावर जायचं, पण आज हात आखडला. आधी इमेज. क्लोन म्हणजे गाडीची स्टेपनी: चाक बसलं की ती लावा आणि निघा. इमेज म्हणजे कणगीत भरलेलं धान्य. लगेच खाता येत नाही. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून ती डिस्कवर उतरवावी लागते. पण दाबून भरल्यामुळे जागा कमी लागते आणि एकाच बाहेरच्या डिस्कवर महिन्या-महिन्याच्या इमेज शेजारी शेजारी राहतात. मला गेल्या महिन्यातला संगणक हवा होता. क्लोनला फक्त शेवटचा दिवस माहीत.

१९ ऑक्टोबर
इमेज उतरते का, हे पाहायला वापरातून काढलेली दुसरी एक जुनी डिस्क घेतली, ५०० चीच. मध्येच लाइट गेली, इन्व्हर्टरने तारलं. उतरली. नव्या डिस्कची वायर आधीच काढून ठेवली होती; एकाच ओळखीच्या दोन डिस्क दिसल्या की विंडोज एकीला बाजूला बसवतं.
पहिल्या तारखेला इमेज, डिस्क बदलायची वेळ आली तर क्लोन. इमेजची डिस्क दुकानात ठेवायची नाही, घरी.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
आईने डिस्क वहीशेजारी पाटावर मांडली आणि हळदकुंकू वाहिलं. रात्री काडीला कापूस गुंडाळून यूएसबीच्या तोंडातली हळद काढत बसलो.