उसना डंख

आपल्याकडे उसनं मागण्याची परंपरा फार जुनी आहे. वाटीभर साखर, पावसात छत्री, लग्नाला घालायचा कोट, परीक्षेत उत्तरं आणि भाषणात विचार ह्या गोष्टी स्वतःच्याच मालकीच्या असाव्यात असा हट्ट कुठलाही सुसंस्कृत मनुष्य धरत नाही. पण जो आपल्याला डंख मारतो त्याचाच डंख गिळायचा नि तो पाठीवर मिरवत हिंडायचं, एवढी मजल मात्र एका गोगलगाईनंच मारली.

ही गोगलगाय समुद्रातली, इओलिड घराण्यातली. असेल बोट-दीड बोट लांब. अंगावर शंख नाही. शंख म्हणजे गोगलगाईचं घर, दार, कडी, कुलूप सगळं एकच. ते नसलेला हा मऊसूत जीव माशांनी एका घासात संपवायला हवा. पण मासे सहसा हिच्या वाटेला जात नाहीत. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ म्हणणाऱ्या पूर्वजांनी हिला पाहिली असती, तर त्यांनी ‘पाठीत पोट’ हेही जोडलं असतं. कारण हिच्या पाठीवर बोटांसारख्या झिपऱ्या असतात, प्रत्येक झिपरीत पचनग्रंथीचा एकेक फाटा गेलेला असतो आणि टोकाला असते एक पिशवी. त्या पिशवीत दारूगोळा!

दारूगोळा अर्थात दुसऱ्याचा. बाईंचा आहार म्हणजे समुद्रफुलं नि त्यांचे भाऊबंद. ह्या मंडळींच्या अंगात डोळ्यांना न दिसणाऱ्या डब्या असतात आणि डबीत गुंडाळलेला विषारी दोरा. धक्का लागला की सुटलाच. हायड्रा नावाच्या त्यांच्या एका नातेवाइकाचा हा काटा किती वेळात सुटतो ते 2006 साली अतिवेगवान कॅमेऱ्यानं मोजलं, तर सेकंदाचा दहा लाखावा भागसुद्धा लागत नाही असं निघालं. इतक्या झटपट उलट उत्तर देणारी एकच व्यक्ती माझ्या पाहण्यात आहे. तिच्याकडे येतोच.

आता हे असलं जेवण जेवायचं कसं? अंगावरच्या चिकट बुळबुळीमुळं बरेचसे काटे सुटत नाहीत. जे सुटले ते उडालेल्या फटाक्यासारखे, पुढं निरुपयोगी. पण ज्या डब्या अजून कच्च्या असतात, त्या पोटातून न पचता थेट पाठीवरच्या पिशवीत जातात. तिथं त्यांच्या आत हळूहळू आम्ल साठतं नि त्या डंख मारायला तयार होतात. थोडक्यात, कैऱ्या चोरून आणायच्या नि आपल्या घरी अढी घालायची.

ही उसनवारी बरीच वर्षं कुणाच्या ध्यानातच आली नाही. शस्त्रं गोगलगाईची स्वतःचीच, असा समज होता. 1858च्या सुमारास एडिंबरोच्या स्ट्रेथिल राइटनं शंका काढली आणि 1903 साली ग्रोव्हनरनं ती खरी ठरवली. म्हणजे चाळीसपेक्षा जास्त वर्षं गेली. आमच्या चाळीत छत्रीच्या मालकीचा निकाल लागायला साधारण एवढाच वेळ लागे.

ह्यांतलीच एक निळी गोगलगाय भर समुद्रात उताणी तरंगत असते. पावसाळ्यात जुहूच्या किनाऱ्यावर येऊन लोकांना बोंबलायला लावणारे ते निळे विषारी फुगे, ते ही आवडीनं खाते आणि त्यांतले मोठे, जहाल काटे तेवढे ठेवून घेते. ऑस्ट्रेलियात पोहणाऱ्यांना चक्क ह्या गोगलगाईचा डंख बसल्याची नोंद 1969 साली झाली.

हे सगळं वाचताना मला आठवली ती आमची आत्या. गणितात 38 मार्क मिळाले तेव्हा प्रगतिपुस्तक लांब धरून ती म्हणाली होती, “हे मार्क आहेत की चपलेचा नंबर?” जे टोमणे कळले ते तिथल्या तिथं लागले, रडून झालं, संपले. जे कळले नाहीत ते कच्चेच गिळले गेले. आणि तीस वर्षांनी कचेरीत एका साहेबानं स्वतःची चूक माझ्या नावावर मांडायला घेतली, तेव्हा माझ्या तोंडून जे वाक्य सुटलं ते शब्दशः आत्याचं होतं. साहेब गप्प झाला. माझी ख्याती तिखट जिभेचा म्हणून झाली. माल कुणाचा, हे कुणी विचारलं नाही.

आत्याकडं तरी तो कुठून आला? एकोणिसाव्या वर्षी कुंकू पुसून ती भावाच्या घरी परत आली, ती जन्मभर राहिली. त्याआधीची तीन वर्षं सासरी तिनं काय काय गिळलं असेल, ते ती कधी बोलली नाही. शंख नसलेल्या जिवाला परक्या घरात दुसरं काय राखणार?

गोगलगाईच्या पिल्लांना म्हणे हा वारसा मिळत नाही. ज्यानं त्यानं आपलं आपण खाऊन मिळवायचं. माणसांत बहुधा निराळा नियम असावा. परवा मी हौसेनं नवा सदरा घातला, तर नऊ वर्षांची नात मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, “आजोबा, हा सदरा आहे की उशीचा अभ्रा?”

हिच्या जन्माआधी आत्या जाऊन वीस वर्षं झाली होती. अढी चांगली लागली आहे.