पोकळी

आपल्या मराठीत ‘पोकळ’ या शब्दाला फारसा मान नाही. पोकळ बडबड, पोकळ डौल, मोठे घर पोकळ वासा! भरीव ते चांगले आणि पोकळ ते वाईट, असा आपला सरळ हिशेब. हा हिशेब जिथे उलटा चालतो अशी एक जागा मी पाहिली आहे. ती म्हणजे दगडाची खाण.

आमच्या उचगावात सहा जणांचा एक कंपू आहे. कुणी निवृत्त पोस्टमन, कुणी किराणा दुकानदार, कुणी माझ्यासारखा कारकून. म्होरके आमचे सर. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. गेल्या हिवाळ्यात त्यांनी फर्मान काढले : पुण्याजवळ वाघोलीला जायचे, एका बंद पडलेल्या खाणीत स्फटिक शोधायला. खाणमालकाची परवानगीही त्यांनीच मिळवली. हातोड्या, छिन्न्या, रद्दीचा गठ्ठा आणि भाकरी-ठेचा घेऊन पहाटे आमची जीप हमरस्त्याला लागली. दगड आणायला कोल्हापूरहून पुण्याला! आमच्या घरच्यांनी कपाळावर हात मारून घेतला, यात नवल नाही.

खाण म्हणजे काळ्या पाषाणात खोदलेला प्रचंड हौद. तळाशी हिरवे पाणी. तिथे राखणीला एक म्हातारेबाबा होते. उमेदीत त्यांनी याच खाणीत सुरुंग लावले होते. आम्ही काय शोधतो आहोत ते ऐकून ते हसले.

“भोकाचा दगुड? त्यो आम्ही फेकून द्यायचो, मास्तर. खडीला घट्ट दगुड लागतो.”

“आम्हाला तुमचा फेकलेलाच हवा आहे, बाबा,” सर म्हणाले.

मग टाकाऊ दगडांच्या ढिगावर बसून सरांनी आम्हाला गोष्ट सांगितली. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनभर लाव्हा पसरला. तो थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे खनिजे विरघळलेले गरम पाणी त्या पोकळ्यांत झिरपत राहिले आणि काळोखात, कणाकणाने, स्फटिक वाढले. दगड जिथे भरीव होता तिथे त्यांना वाढायला जागाच नव्हती.

यांतल्या पुष्कळ खनिजांना झिओलाइट म्हणतात. 1756 साली क्रॉनस्टेड या स्वीडिश शास्त्रज्ञाने असा एक खडा तापवला, तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला. म्हणून ग्रीक शब्द जोडून त्याने नाव दिले, ‘उकळता दगड’. त्या स्फटिकाच्या आतही अतिसूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्यांत पाणी दडलेले असते. पोकळीच्या पोटात पुन्हा पोकळी!

एवढे बोलून सर जरा थांबले. 2021 च्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी, वहिनींच्या उशाशी, ऑक्सिजनचे यंत्र रात्रंदिवस घरघरत होते. त्या यंत्रातही झिओलाइटच असते, कारखान्यात बनवलेले. दाबाखालच्या हवेतला नायट्रोजन ते धरून ठेवते आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देते. “त्या पोकळ्यांनी तिला अकरा दिवस जास्त दिले,” सर म्हणाले. वहिनी राहिल्या नाहीत. सरांच्या दगडवेडाचे मूळ आम्हाला त्या दिवशी कळले. आम्ही कुणीच काही बोललो नाही. पोस्टमन मात्र उठला आणि उगाच हातोडी आपटू लागला.

दुपारी बाबांनीच एक ढेकूळ आणून दिले. आत पांढऱ्या स्टिल्बाइटची पाती, आणि त्यांवर मोरपिशी निळा, मटाराएवढा ठिपका. सर लहान मुलासारखे ओरडले, “कॅव्हन्साइट!” अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये 1967 साली प्रथम सापडलेले हे खनिज, पण त्याचे उत्तम नमुने वाघोलीचे. बाबांनी पैसे घेतले नाहीत. भाकरी-ठेचा मात्र आवडीने खाल्ला.

परतताना जीपमध्ये भांडण जुंपले. तुकडा एक, दावेदार सहा. तो फोडता येईना. शेवटी दुकानदाराने व्यवहारी तोड काढली : प्रत्येकाच्या घरी दोन दोन महिने. त्यामुळे तो खडा आता उचगावात माहेरवाशिणीसारखा फिरतो आहे. सरांच्या घरून तो पुढच्या घरी जातो, तेव्हा त्या निमित्ताने आम्ही सगळेच त्यांच्याकडे जमतो. चहा होतो, गप्पा होतात, आणि त्या घरात पुन्हा माणसांचा आवाज घुमतो.

माणसाच्या आयुष्यातली पोकळी काही भरून निघत नाही. पण तिच्या काठाकाठाने काहीतरी वाढते, हे मी त्या दगडात पाहिले आहे. त्याला वेळ मात्र द्यावा लागतो.