कोणावांचून अडतें?

शाळामास्तराचें अर्धें आयुष्य गुण देण्यांत जातें. तेहतीस वर्षें आम्हीं संस्कृताचे पेपर तपासले, आणि कोणत्या मुलाची योग्यता किती हें शंभरांपैकीं एका आंकड्यांत सांगण्याची आम्हांस इतकी संवय झाली कीं, सेवानिवृत्त झाल्यावरहि भाजीवाल्याच्या वांग्यांना आम्ही मनांतल्या मनांत गुण देत असूं. मराठी भाषेनेंहि या कामीं आमची मोठी सोय करून ठेविली आहे. परीक्षेंत मिळतात तेहि गुण आणि माणसाच्या अंगीं असतात तेहि गुणच! पहिल्यांची बेरीज करतां येते, तेव्हां दुसऱ्यांचीहि येत असली पाहिजे, असा आमचा समज होता. तो समज आमच्या दोन नातवांनीं, अमेरिकेंतील एका चेंडूच्या खेळाच्या निमित्तानें, कसा हालविला तें आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे.

आमचें घर एकत्र कुटुंबाचें. अमेरिकेंत रात्रीं होणारे बास्केटबॉलचे सामने आपल्याकडे पहांटे व सकाळीं दिसतात. त्यामुळें आम्ही स्नानसंध्या आटोपून बाहेरच्या खोलींत येतों तों आमचा नातू व आमच्या पुतण्याचा मुलगा एकाच घोंगडीखालीं फोन धरून बसलेले असतात. २०२५ सालच्या वसंतांत या दोघांचें कडाक्याचें भांडण जुंपलें. तेथील धंदेवाईक संघांच्या मंडळांत दरवर्षीं एका खेळाडूस ‘सर्वांत मोलाचा’ असा मान मिळतो. थोरल्याचें म्हणणें, तो मान डेन्व्हर संघाच्या निकोला योकिच या सर्बियन गड्यास मिळावा. धाकट्याचें म्हणणें, ओक्लाहोमा सिटीच्या शाय गिल्जस-अलेक्झांडरला. एकानें सरासरीचे आंकडे फेंकावे, दुसऱ्यानें ओक्लाहोमा सिटीनें ८२ पैकीं ६८ सामने जिंकल्याचें तोंडावर मारावें! शेवटीं दोघेहि आम्हांकडे आले. “आजोबा, तुम्ही मास्तर. तुम्हीच निकाल द्या.”

आम्हीं विचारलें, “मोलाचा म्हणजे कोण? सर्वांत चांगला खेळणारा, कीं जिंकणाऱ्या संघांतला सर्वांत चांगला, कीं ज्याच्यावांचून संघ उताणा पडेल तो?” दोघेहि गप्प. पुढें चौकशी केली तेव्हां कळलें कीं, मान देणाऱ्या मंडळानेंहि या शब्दाची व्याख्या केलेली नाहीं! मत देणारे सुमारें शंभर वार्ताहर व समालोचक. प्रत्येकानें पांच नांवें क्रमानें लिहावयाचीं, त्यांस अनुक्रमें १०, ७, ५, ३ व १ असे गुण, आणि बेरीज अधिक त्याचा मान. मोल म्हणजे काय हें ज्याचें त्यानें ठरवावें.

त्या दिवशीं आम्ही निकाल दिला नाहीं, कारण आमच्या मांडीवर दुसराच एक कागद होता. आमचें गांवचें वडिलोपार्जित घर विकावयाचें ठरलें होतें. आम्ही तिघे बंधू. घराच्या दुरुस्तीस व आईवडिलांच्या औषधपाण्यास ज्यानें जें घातलें तें त्यास आधीं परत मिळावें, आणि उरलेल्याचे तीन सारखे भाग व्हावे, अशी योजना मुंबईस असलेल्या धाकट्या बंधूंनीं सुचविली व आम्हांसहि ती न्याय्य वाटली. तक्ता करण्याचें काम अर्थात् मास्तरांकडे. आमच्या नांवापुढें मनिऑर्डरींच्या पावत्यांची बेरीज. धाकट्यांच्या नांवापुढें त्याहूनहि मोठी. मधले बंधू पोस्टांतील तुटपुंज्या पगारावर जन्मभर गांवींच राहिले. त्यांच्या नांवापुढें आम्हीं एक लहानशी रेघ ओढली होती. त्यांचें पत्रहि आलें होतें: “दादा, तुम्ही लिहाल तें मला मान्य आहे.”

तक्ता तसाच बाजूस ठेवून आम्ही नातवांच्या प्रश्नांत शिरलों, आणि त्यांच्या मदतीनें या मानाचा इतिहास पाहूं लागलों. हा मान १९५५-५६ च्या हंगामापासून दिला जातो, आणि पहिला मानकरी बॉब पेटिट. आमचें लक्ष वेधलें तें पुढील एका गोष्टीनें. आरंभीं हीं मतें वार्ताहरांचीं नव्हतीं. प्रत्यक्ष खेळणारे खेळाडूच मत देत. १९८०-८१ पासून तें काम वार्ताहरांकडे गेलें.

आतां १९६१-६२ चा हंगाम पाहा. फिलाडेल्फिया संघाचा विल्ट चेंबरलेन यानें त्या वर्षीं दर सामन्यास सरासरीनें ५०.४ गुण मिळविले. २ मार्च १९६२ रोजीं हर्शी या गांवीं तर त्यानें एकट्यानें एका सामन्यांत १०० गुण केले. त्यानंतरच्या साठ वर्षांत कोणासहि तो आंकडा गांठतां आला नाहीं. बोस्टनच्या बिल रसेलची सरासरी १८.९, म्हणजे चेंबरलेनच्या निम्म्याहूनहि कमी. वार्ताहरांनीं वर्षाचा जो उत्तम संघ निवडला, त्यांत मधल्या जागेवर अर्थातच चेंबरलेनला बसविलें आणि रसेलला दुसऱ्या फळींत ढकललें. पण त्याच वर्षीं खेळाडूंनीं सर्वांत मोलाचा म्हणून मत दिलें तें रसेलला!

बाहेरून पाहणारांनीं एकास निवडलें, आंत खेळणारांनीं दुसऱ्यास. असें कां व्हावें? रसेलचें काम बहुतेक प्रतिकाराचें. समोरचा गडी चेंडू टाकूं लागला कीं हा उडी मारून तो असा अडवी कीं, चेंडू मैदानाबाहेर न जातां आपल्याच सोबत्याच्या हातीं यावा. पुढें पुढें तर तो उभा आहे एवढें पाहूनच प्रतिस्पर्धी टोपलीजवळ येण्याचें टाळीत. न झालेल्या गोष्टीची नोंद कोणत्या वहींत करावयाची? अडविलेल्या चेंडूंची अधिकृत मोजणीच मुळीं १९७३-७४ त सुरू झाली, आणि रसेल तर १९६९ सालीं खेळ सोडून गेला होता. त्याची सर्वांत मोठी कमाई अशा रीतीनें हिशेबाबाहेरच राहिली. हिशेबांत आलें तें एवढेंच कीं, तो असतां तेरा हंगामांत त्याच्या संघानें अकरा वेळां अजिंक्यपद मिळविलें.

पुढील लोकांस ही उणीव जाणवली, व त्यांनीं एक नवी युक्ति काढली. ती ऐकून आम्हांस आमच्या पाठशाळेंतील दिवस आठवले. मॅट्रिक झाल्यावर आम्ही शास्त्रीबुवांपाशीं थोडें न्यायशास्त्र शिकलों. कार्यकारणसंबंध ओळखण्यास तेथें अन्वय आणि व्यतिरेक अशीं दोन साधनें सांगितलीं आहेत. एक वस्तु असतां दुसरी असते, हा अन्वय. ती नसतां दुसरीहि नसते, हा व्यतिरेक. दोन्ही जुळलें म्हणजे संबंध पक्का धरावा. अमेरिकेंतील हिशेबनीस नेमकें हेंच करतात! या खेळांत एका वेळीं संघाचे पांच गडी मैदानांत असतात आणि बाकीचे बाकावर. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामन्यांत प्रत्येकजण थोडा वेळ खेळतो, थोडा वेळ बसतो. एखादा खेळत असतां त्याच्या संघानें ४० गुण मिळविले व प्रतिपक्षानें ३२, तर त्याच्या नांवापुढें अधिक आठ. तो बसल्यावर काय झालें तेंहि असेंच मांडावयाचें. चेंडू टोपलींत कोणी टाकला हा प्रश्नच नाहीं. हा असतां सर्वांचें मिळून काय होतें, आणि नसतां काय होतें, एवढेंच पाहावयाचें. २००७-०८ पासून हा आंकडा प्रत्येक सामन्याच्या अधिकृत तक्त्यांत छापला जातो.

या युक्तीमुळें कांहीं उपेक्षित माणसें उजेडांत आलीं. शेन बॅटिए हा त्यांतला एक. मायकेल लुइस यांनीं २००९ सालीं न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिक-पुरवणींत त्याच्यावर मोठा लेख लिहिला. तो तेव्हां ह्यूस्टन संघांत होता. त्याचे गुण थोडे, उड्या बेताच्या. पण तो मैदानांत असला कीं सोबत्यांचा खेळ सुधारे आणि प्रतिपक्षाच्या नामांकित गड्याचा बिघडे. समोरच्यास कोणत्या जागेवरून चेंडू टाकणें जड जातें याचा अभ्यास करून त्यास तेथेंच रेटणें, हें त्याचें काम. त्याबद्दल टाळ्या कोण वाजविणार?

पण न्यायशास्त्रानें आम्हांस एक सावधगिरीहि शिकविली आहे. कुंभाराकडे माती वाहणारें गाढव मडकें होण्याच्या आधीं हजर असतें खरें. पण म्हणून तें मडक्याचें कारण ठरत नाहीं. तो माल अन्यथासिद्ध! तसेंच या आंकड्याचें. चार बलाढ्य सोबत्यांबरोबर नेहमीं खेळणारा दुबळा गडीहि या हिशेबांत बलवान दिसतो. म्हणून गणितज्ञ, त्याच्या बरोबर कोण होते व समोर कोण होते हें सारें जमेस धरून, त्या गड्याचा वांटा निराळा काढूं पाहतात. तरीहि घोटाळा उरतोच. क्लीव्हलँड संघानें २००९-१० त ६१ सामने जिंकले. लब्रॉन जेम्स सोडून गेला, आणि पुढच्याच वर्षीं ते १९ वर आले. व्यतिरेक सिद्ध झाला म्हणावें, तर शिकागोचें उदाहरण पुढें येतें. त्यांनीं १९९२-९३ त ५७ सामने जिंकले. मायकेल जॉर्डन खेळ सोडून बसला, आणि पुढच्या वर्षीं ५५ जिंकले. मग जॉर्डनचें मोल दोनच सामन्यांचें काय? तो परतल्यावर १९९५-९६ च्या हंगामांत त्याच संघानें ८२ पैकीं ७२ जिंकले! एकाच्या जाण्याबरोबर दुसऱ्याहि दहा गोष्टी बदलतात; मागें राहिलेले कधीं खचतात, कधीं पदर खोंचून उभे राहतात.

हें सारें नातवांस समजावून सांगत असतां आमची नजर पुन्हां मांडीवरील तक्त्याकडे गेली, आणि त्या लहानशा रेघेवर थांबली. मधल्या बंधूंचा व्यतिरेक कसा घ्यावा? ते कधीं बाकावर बसलेच नाहींत! बावीस वर्षांत एक काशीयात्रा नाहीं, कीं सासुरवाडीस चार दिवसांचा मुक्काम नाहीं. आम्ही मे महिन्यांत जावें, आंबे खावे, वडिलांचा नमस्कार घ्यावा, आणि परत येऊन मनिऑर्डर करावी. ते नसते तर काय झालें असतें हें पाहण्याचा प्रसंगच त्यांनीं कधीं आणला नाहीं, म्हणून त्यांच्या नांवापुढें रेघ!

प्रत्यक्ष मोजणी संपली, अनुमानहि खुंटलें, म्हणजे उरतें आप्तवाक्य. आम्हीं तक्ता उचलला व स्वयंपाकघरांत कुटुंबास दाखविला. मातुःश्रींच्या अखेरच्या दुखण्यांत आमचें कुटुंब सहा महिने गांवीं राहिलें होतें. त्यांनीं कागद पाहिला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, “पैसे तुम्ही दोघे पाठवीत होतां, तें खरें. पण सासूबाईंना कूस बदलावयास रात्रींतून चार वेळां कोण उठत होतें, तें यांत कुठें आहे? भाऊजी उठत, नाहींतर जाऊबाई उठत. मी तिथें होतें, म्हणून मला ठाऊक.”

‘मी तिथें होतें.’ रसेलला मत देणारे खेळाडू तरी दुसरें काय म्हणत होते? खेळणारांच्या मतासहि कधीं हेव्याचा, कधीं मैत्रीचा वास येतो, हें आम्ही जाणतों. पण या घरच्या खेळांत आम्ही व धाकटे बंधू प्रेक्षक होतों. तिकिटाचे पैसे चोख भरणारे, पण प्रेक्षकच. आणि वर तक्ता लिहिण्याचा अधिकार आमच्याकडे!

त्याच रात्रीं आम्हीं तो तक्ता फाडला आणि सरळ तीन सारख्या भागांचा कागद लिहिला. धाकट्या बंधूंना तें रुचलें नाहीं. “दादा, रात्रीं उठण्याचा हिशेब कसा लावणार?” असें त्यांनीं विचारलें. लावतां येत नाहीं, म्हणूनच आपला हिशेबहि मागूं नये, असें आम्हीं उत्तर दिलें. पंधरा दिवस त्यांचा फोन आला नाहीं. सोळाव्या दिवशीं आला तो सही कोठें करावयाची हें विचारण्यास. मधल्या बंधूंनीं मात्र नवा कागद वाचून एवढेंच म्हटलें, “दादा, पहिला कागद राहिला असता तर गोठ्यावरचे पत्रे माझ्या नांवें लिहावयाचे राहिले होते हो. ते मीं घातलेले.” आम्हांस हंसूंहि येईना व बोलवेहिना.

नातवांचा निकाल मे महिन्यांत आपोआप लागला. २०२५ चा मान गिल्जस-अलेक्झांडरला मिळाला व योकिच दुसरा आला. धाकटा घरभर नाचला. थोरला दोन दिवस जेवतांना बोलला नाहीं. ज्याला २०१४ सालीं चाळीस जणांच्या मागून निवडलें, त्यानें पुढें तीन वेळां हा मान मिळविला, हें त्यास आम्हीं समजावणीदाखल सांगितलें. पण तें त्यास आमच्यापेक्षां अधिक ठाऊक होतें. आम्हीं दोघांनाहि एकच गोष्ट करावयास सांगितलें. पुढचा सामना पाहाल तेव्हां दहा मिनिटें चेंडूकडे पाहूं नका. चेंडू ज्याच्या हातांत नाहीं त्याच्याकडे पाहा. दुसऱ्या दिवशीं सकाळीं थोरला आमच्याजवळ येऊन म्हणाला, “आजोबा, अवघड आहे हो. नजर चेंडूकडेच जाते.”

आम्हीं त्यास सांगितलें कीं, आमची तर साठ वर्षें गेली.