बुवांचा हात

आयर्लंडमधल्या विक्लो परगण्यात ग्लेंडालॉक नावाची दरी आहे. सहाव्या शतकात संत केव्हिन यांनी तिथं मठ काढला. आज उरलाय तो सुमारे ३० मीटर उंचीचा गोल मनोरा, पडक्या भिंती आणि भोवती कबरीच कबरी. गोष्टींचा मात्र एक चिराही ढळलेला नाही.

बुवा हात पसरून प्रार्थना करीत होते म्हणे. तळहातावर ब्लॅकबर्डच्या मादीनं अंडी घातली. पिल्लं निघेपर्यंत बुवांनी हात हलवला नाही! आपण डास चावला तरी आरती अर्धी सोडतो.

पुढं कॅथलीन नावाची पोरगी प्रेमानं मागं लागली, तेव्हा त्याच हातानं बुवांनी तिला तळ्यात ढकललं, असंही तिथलेच लोक सांगतात. पाखराला एवढा वेळ, पोरीला एक क्षण नाही!

मला कौतुक वाटतं ते या लोकांचं. दुसरी गोष्ट सोयीस्करपणे विसरता आली असती; विसरले नाहीत. कबरस्तानातल्या केव्हिनच्या क्रुसाला मिठी मारून बोटांना बोटं भिडली, तर इच्छा पुरी होते म्हणतात. लोक हौसेनं मिठी मारतात. भक्ती आहेच, पण म्हणून बुवांना सगळं माफ केलंय, असं कुणी समजू नये!