अयस्कांत आणि वीज

तांबें, रुपें, लोखंड हे विजेचे वाहक. लाकूड, राळ, कापूर, साखर हे अवाहक, ही वाटणी शाळेंतील प्रत्येक मुलास पाठ असते, आणि नित्याच्या व्यवहारास ती अजूनही पुरते. परंतु १९७३ सालीं अमेरिकेंतील रसायनज्ञांनीं दोन सेंद्रिय द्रव्यांचा संयोग करून असा स्फटिक सिद्ध केला, कीं त्यांतून वीज धातूंतल्याप्रमाणें वाहूं लागली. पुढें १९८० सालीं डेन्मार्कचे बेकगार्ड आणि फ्रान्समधील जेरोम यांनीं अशाच एका लवणांत, वातावरणाच्या सुमारें बारा हजार पट दाबाखालीं व अतिशय थंडींत, विजेस होणारा विरोध अजीबात नाहींसा होतो, असें दाखविलें.

हा विषय आमच्या घरांत शिरला तो थोरल्या बंधूंच्या नातीमुळें. तिनें रसायनशास्त्राची उच्च पदवी घेतली असून आतां वीज वाहणारीं आणि शिवाय लोहचुंबकासारखीं वागणारीं आण्विक द्रव्यें हाच विषय घेऊन संशोधन करण्याचा तिचा मानस आहे. घरांत यावरून दोन तट पडले आहेत. वहिनी आम्हांस विचारतात, "भाऊजी, त्या खड्यांना विचारतो कोण? त्यांत पोरीचीं पांच वर्षें जायचीं!"

आमची शंका वेगळी होती. लोखंड तर दोन्ही कामें आजवर करीतच आलें आहे. मग यांत नवल तें काय? नातीनें सांगितलें तें असें : लोखंडांत हे दोन्ही धर्म एकमेकांत इतके गुंतलेले असतात, कीं एकास हात लावल्यावांचून दुसऱ्यास बदलतां येत नाहीं. वीज वाहण्यास इलेक्ट्रॉन हिंडते हवेत; चुंबकत्वास ते एका दिशेनें शिस्तींत उभे हवेत. आण्विक द्रव्यांत मात्र रसायनज्ञ हीं दोन कामें दोन निराळ्या थरांकडे सोंपवूं शकतो.

स्पेनमधील वालेन्सिया येथें कोरोनादो व त्यांचे सहकारी यांनीं २००० सालीं नेमकें हेंच साधलें. एक थर गंधकयुक्त सेंद्रिय रेणूंचा, तो वीज वाहतो. दुसरा मँगॅनीज, क्रोमियम व ऑक्झॅलेट यांच्या जाळीचा, तो चुंबक बनतो. (ऑक्झॅलेट आपणांस अपरिचित नाहीं. अळूस जी खाज असते, ती त्याच्याच कॅल्शियमयुक्त लवणाच्या सुयांची.) द्रावणांत अगदीं क्षीण प्रवाह दिवसेंदिवस सोडून हे स्फटिक वाढवितात. मात्र हें चुंबकत्व शून्याखालीं सुमारें २६८ अंशांवर प्रकट होतें, आणि एका वाड्यांतील दोन बिऱ्हाडांप्रमाणें हे थर एकमेकांची फारशी दखलही घेत नाहींत.

दखल घेतली म्हणजे काय होतें, तें जपानांत दिसलें, आणि आम्हांस मोह पडला तो येथें. बाहेरचें चुंबकीय क्षेत्र अतिवाहकतेचा घात करितें, हा नियम जुना. परंतु लोहाचे अणु असलेल्या एका सेंद्रिय लवणांत २००१ सालीं उलट आढळलें. क्षेत्र नसतां हें लवण थंडींत वीज रोधून धरितें. पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीन लाख पटींहून अधिक प्रबळ क्षेत्र थरांना समांतर लावलें, कीं तेंच अतिवाहक होतें! कारण असें, कीं लोहाचे अणु फिरत्या इलेक्ट्रॉनांवर जें अंतर्गत क्षेत्र लादतात, तें बाहेरच्या क्षेत्राच्या विरुद्ध असतें. दोन्ही तुल्यबळ झालीं, कीं इलेक्ट्रॉनांपुरतें क्षेत्र उरतच नाहीं. अशी शक्यता जॅकारिनो व पीटर यांनीं १९६२ सालींच वर्तविली होती. कुमारसंभवाच्या दुसऱ्या सर्गांत शंकराचें मन ओढून घेण्यास कालिदासानें अयस्कांताची उपमा योजिली आहे. त्याला हा प्रकार कळता, तर त्यानें त्याचें काय केलें असतें कोण जाणे.

वहिनींस आम्हीं स्पष्टच सांगितलें, कीं बाजारांत आज या खड्यांस मोल नाहीं. इलेक्ट्रॉनांच्या चुंबकीय गुणावर चालणाऱ्या उपकरणांस हें ज्ञान पुढेंमागें उपयोगीं पडेल, असें जाणते म्हणतात. पण त्या आशेवर पोरीस धाडूं नये. तिला तें जाणून घ्यावयाचें आहे, एवढें आमच्या मतें पुरेसें आहे. थोरल्या बंधूंनीं संमति दिली आहे. वहिनींची अजून मिळावयाची आहे. आणि ती मिळाल्यावांचून पोरगी अर्ज धाडणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों.