पुणतांब्याहून किरातला

प्रवासवर्णन म्हटले की एसटीचे तिकीट नाहीतर रेल्वेचा डबा आलाच. आम्ही मात्र हा प्रवास गोदाकाठच्या पुणतांब्यात, पुतण्याच्या संगणकासमोर खुर्चीत बसून केला. ‘फार क्राय 4’ हा 2014 साली आलेला बंदुकीचा खेळ. तो कॅनडातील माँट्रियल शहरात तयार झाला. ज्या युबिसॉफ्ट कंपनीचा हा खेळ, तिने 2008 साली आपल्या पुण्यातही स्टुडिओ घेतला.

खेळातला किरात देश नकाशावर सापडणार नाही. नेपाळ-तिबेटच्या धाटणीवर तो कल्पनेने उभा केला आहे. पण डोळे भरून पाहावा असा! बर्फाची शिखरे, उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेती, वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीत पताका, रस्त्याने धावणाऱ्या रिक्षा. हत्तीवर बसता येते, मध्येच गेंडा आडवा येतो. ठरलेली एकच वाट नाही. वाटेल तिकडे जावे. वाटेत मणिचक्रे आहेत, ती फिरवावीत. आपल्या विहारांत ही चाल नाही, पण हिमालयातील बौद्धांची ती जुनी रीत. अशा शांत मुलखात गोळीबार सुरू झाला की मात्र जीव कासावीस होतो.

गोष्ट अशी. अजय घाले हा तरुण आईची रक्षा घेऊन अमेरिकेहून मायदेशी येतो. तेथे पेगन मिन हा हुकूमशहा राज्य करतो. तो अजयला जेवणाच्या टेबलावर बसवतो आणि इथेच थांब, असे सांगून बाहेर जातो. बहुतेक खेळणारे थांबत नाहीत. ते पळतात, बंदूक हाती येते आणि पुढे शेकडो माणसे मरतात. पण कोणी पाव तास जागचा हललाच नाही, तर हुकूमशहा परत येतो, अजयला योग्य स्थळी नेतो आणि आईची रक्षा तेथे ठेवली जाते. अजयने एकही गोळी न झाडता खेळ संपतो! पुतण्याने हे आम्हांस करून दाखविले.

लढून जिंकले तर काय होते? बंडखोरांचे पुढारी दोन, अमिता आणि सबल. अमिताच्या हाती सत्ता आली तर ती लहान मुलांनाही जबरीने जुंपते. सबलच्या हाती आली तर तो विरोधकांना ठार करवितो. हुकूमशहा गेला, हुकूमशाही उरली.

नोव्हेंबर 1956 मध्ये बाबासाहेब नेपाळात काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले होते. बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्या मार्गांची तुलना करताना त्यांनी हेच समजावून सांगितले. बळाने आणलेली व्यवस्था बळ हटताच कोसळते. माणसाचे मन पालटले तरच बदल टिकतो.

पुणतांब्याला हे नवे नाही. 2017 साली याच गावच्या ग्रामसभेने संपाचा ठराव केला. 1 जूनला शेतकरी संप सुरू झाला आणि 24 जूनला सरकारला कर्जमाफी जाहीर करावी लागली. शेतकऱ्यांचे सारे प्रश्न सुटले नाहीत, पण सरकारला हलविले ते एकजुटीने.

पालकांनो, युरोपात या खेळावर 18 वर्षांचा शिक्का आहे. लहानांच्या हाती तो देऊ नये. घरातला मोठा मुलगा खेळत असेल तर ओरडून संगणक बंद करू नका. शेजारी खुर्ची ओढून बसा आणि विचारा, “बाळा, त्या टेबलावर तू थांबला असतास का?”