नाव घेणे : नाणेघाटातील एक रात्र

१/ नाणेघाटावर लिहा, असे तुमच्यापैकी अनेकांनी सुचवले होते. आजचा धागा त्यावरच आहे, परंतु नेहमीपेक्षा थोडा वेगळा. जानेवारीत मी आणि माझा नवरा तंबू पाठीवर घेऊन दोन दिवस या घाटात आणि जीवधनाच्या परिसरात राहिलो. तेथे एका प्राचीन राजदांपत्याच्या नावांनी आमच्या नव्या संसारातील एक अर्धवट राहिलेले भांडण पुन्हा उघडले. इतिहास आणि ती हकिकत, दोन्ही एकत्रच सांगते.

२/ भांडण नावाचे होते. लग्नाला आठ महिने झाले होते आणि माझ्या लघुप्रबंधाचा अर्ज भरायचा होता. विवाहानंतर स्त्रीने नाव बदललेच पाहिजे अशी कायद्याची सक्ती नाही. तरी सासूबाईंचे म्हणणे होते, की आता सगळे कागद एकदाचे नव्या नावाने करून घ्यावेत. मी नवऱ्याकडे पाहिले. तो म्हणाला, "एवढं काय त्या नावात? तुला हवं ते कर." त्या उत्तराने मी दुखावले. ज्याला आपले नाव कधीच बदलावे लागणार नाही, त्याला ते क्षुल्लक वाटणे सोपे असते.

३/ कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या एसटीने आम्ही मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावी उतरलो. तंबू त्याच्या पाठीवर, शिधा आणि भांडी माझ्या. आरंभी झाडीतून जाणारी वाट पुढे उभी चढू लागते आणि मग पायांखाली जुन्या पायऱ्यांचे, फरसबंदीचे दगड येतात. समोर नानाच्या अंगठ्याचा कडा सतत दिसत राहतो. तीन तासांच्या चढणीत आम्ही पाणी, ऊन आणि वाट यांखेरीज कशाबद्दलही बोललो नाही.

४/ ही वाट कोणी आणि का घडवली? कोकणात शूर्पारक म्हणजे आजचे सोपारा, आणि कल्याण ही बंदरे. घाटावर जुन्नर आणि त्यापलीकडे सातवाहनांचे प्रतिष्ठान, म्हणजे पैठण. या दोन जगांमध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. तिच्यातील ही खिंड ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती व्यापाराची नाडी. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवला जातो, तो याच आठवणीने. अशा वर्दळीच्या वाटेवर राजघराण्याने स्वतःविषयी काही कोरून ठेवावे, हे साहजिकच होते. येणारा-जाणारा प्रत्येक तांडा त्याचा साक्षीदार होता.

५/ माथ्याच्या थोडे खाली लेणे आहे. साधे चौकोनी दालन, आत बसण्यासाठी कोरलेले ओटे, शेजारी पाण्याची टाकी. डाव्या आणि उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतील, प्राकृत भाषेतील मोठा लेख आहे. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती रांगेने कोरलेल्या होत्या. आज मूर्ती नाहीत. पावलांच्या अस्पष्ट खुणा उरल्या आहेत, आणि वर त्या त्या व्यक्तीचे नाव सांगणारी छोटी अक्षरे. माणसे गेली, नावे राहिली.

६/ मोठ्या लेखाविषयी थोडक्यात. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स यांनी त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि गेऑर्ग ब्यूलर यांनी त्याचे वाचन पक्के केले. बहुतेक अभ्यासक आज त्याचा काळ इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपास मानतात, काही त्याआधीचा. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. मग येते अश्वमेधासह अनेक यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी.

७/ ही यादी म्हणजे जणू दगडावरचा जमाखर्च : एका ठिकाणी १,७०० गाई आणि १० हत्ती, दुसऱ्या ठिकाणी ११,००० गाई आणि १,००० घोडे, शिवाय कार्षापण नाणी. त्यामुळेच आकडे लिहिण्याच्या भारतीय पद्धतीचा हा अत्यंत महत्त्वाचा प्रारंभीचा पुरावा ठरतो. येथे शून्य नाही; दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. या गाई कोणी हाकल्या आणि ही अक्षरे कोणी कोरली, ते मात्र लेख सांगत नाही.

८/ दुपार कलली होती. शिलालेख वाचण्याची एक साधी रीत आहे. प्रकाश समोरून टाकायचा नाही, भिंतीला समांतर, तिरका टाकायचा, म्हणजे खोल अक्षरांत सावली भरते. हात, खडू, पाणी यांचा स्पर्शही नको. त्याने बॅटरी तिरकी धरली आणि मी मागच्या भिंतीवरील एकेक अक्षर उच्चारत गेले. पहिले नाव सिमुक सातवाहनाचे, घराण्याच्या संस्थापकाचे. त्यानंतरची अक्षरे मी त्यालाच लावायला सांगितली. तो अडखळत म्हणाला, "ना... य... नि... का."

९/ दुसऱ्या क्रमांकाच्या त्या पट्टीचा अर्थ एवढाच : देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी यांची. 'प्रतिमा' हा शब्दही नाही, नुसती षष्ठी. संस्कृत वळणाने आपण जिला नागनिका म्हणतो, ती हीच राणी. बाकीच्यांना स्वतंत्र पट्ट्या आहेत. या दोघांना मिळून एक. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "हिचं नाव आधी आहे." मी काही बोलले नाही. बॅटरी मात्र त्याने तेथून हलवली नाही.

१०/ येथे माझ्यातील विद्यार्थिनीला सावध व्हावे लागले. राणीचे नाव आधी आले, म्हणून सातवाहन काळात स्त्रीपुरुष समान होते, असा निष्कर्ष काढता येत नाही. हा क्रम तिच्या हयातीतील अधिकारामुळे आला असेल, आदरापोटी आला असेल किंवा रचनेच्या सोयीने. शब्दांचा क्रम हा पुरावा आहे. त्याचे कारण हे आपले अनुमान. या दोहोंतील अंतर विसरले, की इतिहासाच्या जागी आपली इच्छा बोलू लागते.

११/ शिवाय त्याच दालनातील मोठा लेख वेगळेच चित्र दाखवतो. तो ठिकठिकाणी झिजला, फुटला आहे. त्यातील राणीची ओळख येते ती नात्यांनी : महारठीची मुलगी, राजाची पत्नी, वेदिसिरीची आई. महिना-महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीचे जीवन जगणारी, व्रते आणि यज्ञ यांत निष्णात, असे तिचे वर्णन आहे. त्यावरून ती विधवा असावी असे मानतात. यज्ञांचे श्रेय पतीचे, तिचे की दोघांचे, यावर अभ्यासकांत वाद आहे. ही राणी म्हणजे नायनिका, ही ओळख पटते ती मुख्यतः मागच्या भिंतीवरील त्या छोट्या पट्टीमुळे.

१२/ आता विचार करा. वीसेक ओळींचा भव्य लेख तिचा पिता, पती आणि पुत्र सांगतो. तिचे स्वतःचे नाव आपल्यापर्यंत पोहोचले ते पावलांवरच्या चार अक्षरांनी. ती चार अक्षरे जर झिजली असती, तर आज आपण तिला 'सातकर्णीची राणी' एवढेच म्हटले असते. सगळे यज्ञ, सगळ्या गाई, सगळे घोडे तसेच राहिले असते आणि नाव तेवढे गेले असते.

१३/ कोणी म्हणेल, पुढे गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी असे राजे आईच्या नावाने ओळखले गेले ना? होय. आणि नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख तर प्रसिद्धच आहे. पण सत्ता पित्याकडून पुत्राकडेच जात होती. मातृनाम म्हणजे मातृसत्ता नव्हे. आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लावणे महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केले. ते स्वागतार्ह आहे. तरी 'कोणाची तरी आई' म्हणून नोंद होणे आणि 'ती' म्हणून नोंद होणे, यांत थोडे अंतर राहतेच.

१४/ संध्याकाळी माथ्यावर तंबू ठोकला. जागा मी निवडली होती, कड्याजवळची, सूर्यास्तासाठी. ती चूक होती. अंधार पडताच कोकणातून असा वारा उसळला, की तंबूच्या दोन खुंट्या उपटून निघाल्या आणि कापड शिडासारखे फुगले. आम्ही दोघे त्यावर अक्षरशः आडवे पडून राहिलो. मग सगळे गुंडाळून बॅटरीच्या उजेडात घाटघर गाठले. एका घराच्या ओट्यावर बसलेल्या मावशींनी काही न विचारता अंगणातील जागा दाखवली आणि आत जाऊन चूल पेटवली.

१५/ पिठले-भाकरी वाढताना त्यांनी माझे नाव विचारले. मी सांगितले आणि त्यांचे विचारले. गावात सगळे त्यांना थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारीत, 'अमक्याची आई' अशी. त्या क्षणभर थांबल्या आणि हसल्या. "कंचं सांगू? सासरचं का म्हायेरचं?" मग माहेरचे नाव त्यांनी हलक्या आवाजात उच्चारले. "आई गेल्यापास्नं त्या नावानं हाक मारणारं कुणी ऱ्हायलं न्हाई." ते नाव मी येथे लिहीत नाही, कारण ते माझ्याकडे विश्वासाने आले आहे. पण ते मला आता पाठ आहे.

१६/ आपल्याकडे लग्नात ताटभर तांदळात अंगठीने नववधूचे नवे नाव लिहिण्याची प्रथा आहे. लिहितो नवरा. दुसरीकडे बायकोने नवऱ्याचे नाव एरवी उच्चारायचे नाही. ते उखाण्यातून, जमलेल्यांच्या आग्रहाखातर 'घ्यायचे'. तिचे नाव तांदळात, त्याचे नाव उखाण्यात. तांदूळ दुसऱ्या दिवशी डब्यात जातात. माझ्या लग्नात ते ताट मी नको म्हटले होते, आणि त्याबद्दल कोणी मोठ्याने काही बोलले नव्हते. आठ महिन्यांनी अर्जाच्या निमित्ताने त्याच ताटाचा विषय पुन्हा निघाला होता.

१७/ तंबूत पडल्यावर तो म्हणाला, "मला वाटलं होतं, तुला हवं ते कर म्हटलं, की मी तुला मोकळीक दिली." मी म्हटले, "मोकळीक नाही दिलीस. आईंसमोर मला एकटीला उभं केलंस." बाहेर वारा भाकरीच्या धुराचा वास आणत होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "हो. आईशी मी बोलायला हवं होतं." एवढेच बोलणे झाले. आठ महिन्यांत आम्ही या विषयावर बोललेली ही पहिली खरी वाक्ये होती.

१८/ सकाळी जीवधन चढलो. तुटलेल्या पायऱ्या, शेजारचा वानरलिंगीचा सुळका, खाली धुक्यात बुडालेले कोकण. एका कातळावर कोणीतरी बदाम कोरून त्यात दोन नावे घातली होती. आधी संताप आला. मग लक्षात आले, की नाव टिकावे ही ओढ त्यांचीही होती. साधन मात्र त्यांनी दुसऱ्यांच्या आठवणीवर घाव घालणारे निवडले. ज्या दगडावर आपण नाव कोरतो, त्याच्याखाली कोणाचे तरी पुसट अक्षर असू शकते. नायनिकेची चार अक्षरे कोणाच्याही टोकदार किल्लीने एका मिनिटात जातील.

१९/ अर्ज मी जुन्याच नावाने भरला. नवऱ्याने घरी ते स्वतः सांगितले. सासूबाई काही दिवस नाराज होत्या, आजही थोड्या आहेत. नाव बदलणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने मला घरात सामावून घेणे. मी ते नाकारले, याचे त्यांना वाईट वाटते. ते मला समजते. मुलगी, पत्नी, आई म्हणून ओळखले जाण्यात कमीपणा नाही. नायनिकेनेही ती नाती अभिमानानेच मिरवली असतील. आपले स्वतःचे नाव कुठेतरी एका ठिकाणी शिल्लक असावे, एवढाच माझा हट्ट आहे.

२०/ परवा मी सासूबाईंना त्यांचे माहेरचे नाव विचारले. त्यांनी सांगितले, आणि मग बराच वेळ माहेराबद्दल बोलत राहिल्या. तुम्हालाही एक विनंती. या आठवड्यात आपल्या आजीला तिचे माहेरचे पूर्ण नाव विचारा. आजी नसेल, तर आईला किंवा आत्याला विचारा. घरातील वंशावळीच्या वहीत बहुधा पणजोबांपर्यंतची पुरुषांची नावे असतील आणि त्यांच्या शेजारी 'पत्नी' एवढाच शब्द. त्या शब्दापुढे तिचे नाव लिहा. वहीत लिहा, गडाच्या भिंतीवर नको. धागा समाप्त.